मदत हवी आहे: स्नायूत इंजेक्शन देण्याचे विद्यार्थ्यांचे कौशल्य नेमके कसे पारखावे?

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घेते. स्नायूत इंजेक्शन देण्याच्या परीक्षेत आमच्याकडे जवळजवळ सगळे उत्तीर्ण होतात आणि अलीकडे मला त्याचीच काळजी वाटू लागली आहे.

गेल्या आठवड्यात वॉर्डमध्ये एका विद्यार्थिनीने हात धुतले, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा पडताळली, सिरिंज अचूक भरली. पण कृश वृद्ध रुग्णाला कुशीवर वळवल्यावर तिचा हात तिथेच थांबला, कारण सरावाच्या पुतळ्यावर इंजेक्शनची जागा आधीच आखलेली असते आणि हाडाचा उंचवटा बोटांनी चाचपण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मग तिची सुई नितंबाच्या मागच्या भागाकडे वळली, जिथे जागा चुकल्यास सायटिक नसेला (कमरेतून पायात जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला) इजा होऊ शकते. मी तिला थांबवले. उजव्या बाजूला इंजेक्शन द्यायचे होते, म्हणून तिच्या डाव्या हाताचा तळवा मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर ठेवला, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर टेकवली आणि मधले बोट मागे फाकवायला सांगितले. त्या दोन बोटांमधल्या जागेत तिने ९० अंशांत सुई घातली. हात थरथरत होता, पण जागा बरोबर होती.

आमच्या तपासणी यादीत हात धुण्याला एक गुण आणि जागा ठरवण्यालाही एकच गुण आहे. त्यामुळे जागा चुकूनही विद्यार्थी पास होतो, हे मला मुळीच पटत नाही.

सिरिंज हातात देण्यापूर्वी सहाध्यायाच्या संमतीने त्याच्या अंगावर जागा शोधून खूण करायला लावावी आणि ती चुकल्यास परीक्षा तिथेच थांबवावी, असा माझा विचार आहे. कोणी असे करून पाहिले आहे का? दोन परीक्षकांचे मत जुळले नाही, तर निर्णय कसा घ्यावा?

दुसरी अडचण सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येते का हे पाहण्याची आहे. लसीकरणात जागतिक आरोग्य संघटना तसे करू नका असे सांगते, तर नितंबाच्या मागच्या भागात मोठी रक्तवाहिनी जवळ असल्याने अनेक ठिकाणी ते करायला शिकवतात. विद्यार्थी मात्र एकच नियम पाठ करून सगळीकडे लावतात. जागा आणि औषध बदलून हा फरक परीक्षेत विचारायचा, तर प्रश्न कसे मांडावेत, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.