‘पालेंके’ला मराठीत काय म्हणावं?

मेक्सिकोतल्या वाहाका राज्याचं प्रवासवर्णन लिहितेय, एका शब्दाशी अडले आहे. सांतियागो मातात्लानला मेस्काल, म्हणजे घायपाताची दारू, गाळतात ती जागा पाहिली. तिला तिथे ‘पालेंके’ म्हणतात. अंगणातच जमिनीत मोठा खड्डा. त्यात लाकडं पेटवून दगड लालबुंद तापवतात, वर पानं तासलेले घायपाताचे गड्डे रचतात आणि माती लोटून चार-पाच दिवस दडपून ठेवतात. भाजलेला तुकडा हातावर ठेवला, तर काकवीसारखा चिकट आणि धुरकट गोड. चघळून चघळून शेवटी नुसता चोथा उरला. मेस्काल हा शब्दच नाहुआत्ल भाषेतला, अर्थ ‘भाजलेला घायपात’. ‘आसवनी’ लिहावं का? ‘पालेंके’ तसंच ठेवलं, तर चियापासमधल्या त्याच नावाच्या माया अवशेषांशी गोंधळ होईल.

— आसवनी नको. तो साखर कारखान्याच्या अहवालातला शब्द; त्यात ना खड्डा दिसतो, ना धूर. सरळ ‘भट्टी’ लिहा. हातभट्टीमुळे आपल्याकडे तो शब्द बदनाम झाला, हे खरं. पण गोव्यात फेणी भट्टीवरच होते, आणि 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून कुणी भट्टीचं नाव बदललं नाही. फक्त त्या खड्ड्याला भट्टी म्हणू नका, ‘भाजणीचा खड्डा’ म्हणा. नाहीतर भाजणं आणि गाळणं वाचकाच्या मनात एक होईल.

— भट्टी पटलं. आणि गड्डे ठेचायचं ते दगडी चाक? वर्तुळाकार चरातून घोडा ओढतो. ‘ताओना’ म्हणतात.

— अहो, ही तर आपली चुन्याची घाणी! जुन्या वाड्यांचा चुना असाच मळायचे, फक्त चाकाला बैल असायचा. ‘घाणी’च लिहा. आणि गाळताना सुरुवातीला जी उग्र धार येते, तिला ते ‘पुंतास’ म्हणतात. तिथे ‘पहिल्या धारेची’ याहून नेमका शब्द कुठल्याही कोशात सापडणार नाही.

— वा! शेवटी बोरूच्या पोकळ नळीने मेस्काल ओढून वाटीत सोडतात आणि वर बुडबुडे किती टिकतात ते पाहतात. मद्यार्क फार कमी किंवा फार जास्त असला तर ते लगेच फुटतात. या बुडबुड्यांना ‘पेर्लास’, म्हणजे मोती म्हणतात.

— ते मोतीच राहू द्या. फेणीचं नाव फेसावरून आलं असं मानतात, तेवढं कंसात जरूर सांगा.