मदत हवी आहे: जखमी मैत्रिणीला हुकलेल्या सामन्याबद्दल काय लिहू?

मॅटवरची:
जरा लवकर सांगा, प्लीज. कबड्डीच्या संघातली माझी मैत्रीण दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकली नाही. सामना काल झाला. तिला मेसेज करायचाय. चार वेळा लिहिला, चारही वेळा खोडला. ‘काळजी घे, लवकर बरी हो’ हे तर कोणीही लिहील.

घोटापकड:
जिंकलात की हरलात? दुखापत कसली? एवढ्यावरून काय सांगणार?

मॅटवरची:
हरलो, एका गुणाने. तिचा गुडघा, एसीएल म्हणजे आतला अस्थिबंध. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया.

जुना_चढाईपटू:
घाबरायचं काही नाही. माझंही झालं होतं, सहा महिन्यांत मैदानात होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम चुकवायचे नाहीत म्हणावं, आणि पाय पूर्ण सरळ होतोय ना ते सुरुवातीपासून बघायचं.

फिजिओ_रात्रपाळी:
सहा महिन्यांचा आकडा कृपया तिला सांगू नका. साधारण 9 महिन्यांच्या आत सामन्यात उतरू नये, गुडघा पुन्हा जायची भीती जास्त असते. कबड्डीत तर पाय रोवून गर्रकन वळावं लागतं.

जुना_चढाईपटू:
मी उतरलो, मला काही झालं नाही.

फिजिओ_रात्रपाळी:
तुमचं नशीब चांगलं. त्या भरवशावर दुसऱ्याला सल्ला देऊ नका.

क्रिकेटवेडा:
तिला कुंबळेची गोष्ट लिहा. 2002, अँटिग्वा कसोटी. जबडा मोडलेला, तोंडाभोवती पट्टी, तरी 14 षटकं टाकली आणि लाराला बाद केलं!

घोटापकड:
हे वाचून तिला वाटेल, आपणही दुखणं सोसून खेळायला हवं होतं. शस्त्रक्रियेसाठी कुंबळेलाही घरी परतावंच लागलं. मॅटवरची, एक विचारतो. चार वेळा का खोडलंत?

मॅटवरची:
ती डावा कॉर्नर खेळते, म्हणजे बचावात डाव्या टोकाला. काल तिच्या जागी मी होते. शेवटच्या चढाईत घोटा माझ्या हातात आला होता, निसटला. आणि सरावात साखळी करताना तिच्या गुडघ्यावर मीच पडले होते. तिची नीकॅप अजून माझ्या बॅगेत आहे.

जुना_चढाईपटू:
एकटीने घोट्यात जायचंच नसतं. मदतीला कव्हरची खेळाडू येईपर्यंत थांबायचं.

घोटापकड:
दादा, ती पकड शिकायला आलेली नाही.

बाकावरची:
ताई, मी तुमच्या मैत्रिणीच्या जागी होते. मला वाईट वाटेल म्हणून सामन्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. निकाल तिसऱ्याच माणसाकडून कळला, आणि त्या दिवशी आपण संघाबाहेर पडलो असं वाटलं. तिला सामना सांगा, अगदी शेवटच्या चढाईपर्यंत. माफी एकदाच मागा, दोन ओळींत. पानभर लिहिलंत तर तीच तुमची समजूत काढत बसेल.

मॅटवरची:
पाठवलं. हे लिहिलं:
‘28-27 ने हरलो. शेवटच्या चढाईत घोटा हातात होता, घामाने बोटं सरकली. तू लगेच दुसरा हात घातला असतास, मला सुचलंच नाही. सरावात मी तुझ्यावर पडले, त्याची माफी मागायची राहिली होती. आज मागते. तुझी नीकॅप माझ्याकडे आहे. उद्या घेऊन येऊ?’

मॅटवरची:
उत्तर आलं. विचारतेय, घोटा डावा होता की उजवा.