भाजीच्या मळ्यात रानटी जनावरं : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागात ज्यांचा भाजीचा मळा आहे, परसात दोन वाफे आहेत, नाहीतर डोंगराकडेला रताळी-भुईमूग आहे, त्या सगळ्यांनी लिहा. काय केलं, किती टिकलं, किती खर्च आला. ऐकीव नको, स्वतः केलेलं लिहा.

सुरुवात मी करतो. आमचं शिवार बेकिनकेरेच्या वर डोंगराला लागून, पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावतो आणि खाली पाणी आहे तिथं कोबी, नवलकोल, ढबू. डुकरं कोबीकडं बघत नाहीत फारसं पण रताळ्याला कंद धरायला लागला की एका रात्रीत मेरच्या मेर उकरून टाकतात, खातात थोडं आणि नासवतात जास्त, आणि नवरात्रात उपवासामुळं रताळ्याला भाव असतो नेमका तेव्हाच आमचा माल मातीत गेलेला असतो. बांधावर जुन्या साड्या बांधल्या, सलूनमधले केस आणून टाकले. डुकराची नजर कमी पण नाक लई तेज, केसांनी थांबतात, पण एक जोराचा पाऊस आला की संपलं, परत टाका. साड्यांची पण सवय होते त्यांना. आता मी एकच उपाय धरून बसत नाही, थोड्या दिवसांनी साड्या काढतो, दिवा लावतो, दिव्याची जागा बदलतो, मध्येच फटाके. बदलत राहिलं तर नुकसान कमी होतंय हे नक्की.

— जांबोटीकडून लिहितोय. दादा, तुमच्याकडं डुकरं, आमच्याकडं गवे. भीमगड अभयारण्य 2011 ला जाहीर झालं, आमची शेतं अगदी त्याच्या कडेला, उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटलं की कळपच्या कळप मळ्यात. साधं तारेचं कुंपण गव्याला काहीच नाही, एवढं मोठं धूड पण पाच-सहा फुटाची उडी सहज मारतंय. शेवटी आम्ही शेजारच्या चार घरांनी मिळून सोलर झटका, म्हणजे सौर विजेचं झटका देणारं तारेचं कुंपण, घेतला. एकट्यानं घेतला तर जनावर शेजाऱ्याच्या बाजूनं आत येणार, म्हणून सगळ्यांचा मिळून एकच वेढा. मशीन बॅटरीवर चालतं, सेकंदाला साधारण एक झटका, जोराचा बसतो पण क्षणभरच, त्यामुळं जनावर मरत नाही, घाबरून मागं फिरतंय. पण लक्ष ठेवावं लागतं. गवत वाढून तारेला लागलं की झटका कमी होतो, पावसाळ्यात तर सतत तारेखालचं गवत काढावं लागतंय, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगच्या सळीजवळ घागरभर पाणी ओतायचं नाहीतर मशीन चालू असून काही उपयोग नाही. हे विकणारा सांगत नाही.

आणि हात जोडून सांगतो, घरची नाहीतर मोटरची लाईन थेट तारेला जोडू नका. त्यात डुकराआधी माणूस मरतोय, आपलीच गुरं मरतात, आणि गुन्हा आहे तो. आमच्या भागात रात्री पाणी पाजायला जाणारा माणूस अंधारात बांधावरून चालतो हे विसरू नका. एकटा नर गवा दिसला तर बॅटरी मारत मागं जायचं नाही, त्याला निघायला वाट मोकळी ठेवायची.

— मी खानापूरची, शेत नाही, परसच आहे मोठं. आमचा त्रास माकडांचा. काकडी, दोडका, पेरू काही म्हणून ठेवत नाहीत, खायचं कमी आणि मोडायचं जास्त, वर पत्रे फोडतात. बुजगावण्याला ती भीत नाहीत. मला वाटतं चोर्ल्याच्या घाटात गाड्या थांबवून लोक बिस्किटं घालतात ना, त्यानंच माणसाची भीती गेली, याचा मला खरंच राग येतो. मी वाफ्यांवर जाळी टाकली आणि उघड्या बाजूला आलं-हळद लावली, त्याला माकडं तोंड लावत नाहीत. भाजी कमी झाली पण जी आहे ती घरात येते.

— अक्का, हळदीचं बरोबर आहे, आमच्याकडं डुकरं पण तिला सोडतात.

— भरपाईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फॉरेस्टकडून पिकाची भरपाई मिळते, ई-परिहार म्हणून ऑनलाईन आहे. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, पायाचे ठसे येतील असे, गार्ड येऊन बघेपर्यंत उकरलेलं सपाट करू नका. उतारा, आधार, बँक पासबुक लागतं. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर तिथंच अडतंय, त्यामुळं वारसाची नोंद आधी करून घ्या. आणि एक दुखणं, सगळं कागदपत्र कन्नडमध्ये, आमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना मराठीशिवाय वाचता येत नाही, अर्जात पिकाचं नाव चुकलं तरी कळत नाही. गावातल्या शिकलेल्या पोरांनी हंगामात एक दिवस बसून सगळ्यांचे अर्ज भरून द्यावेत, आम्ही आमच्या गल्लीत तसं करतो. पैसे मिळतात ते झालेल्या खर्चापुढं कमीच, तरी अर्ज करा, नोंदच नाही झाली तर आमच्या गावात त्रास नाहीच असं धरतात.

— मोरांचं काय करायचं? वाटाण्याचे कोंब आले की साफ.

— मोराला हात लावायचा नाही, चमकणारी पट्टी ताणून बांधा, वाऱ्यानं आवाज करते. रोप हातभर होईपर्यंतच राखायचं, नंतर तेवढं लागत नाही.

— डुकरांसाठी बांधाकडेनं करडई दाट लावा, काटे टोचतात म्हणून आत शिरायला बघत नाहीत. फक्त रब्बीला जमतंय ते, आमच्या पावसात करडई कुजते. बी बेळगावच्या मार्केटात मिळेल, दसऱ्याच्या सुमारास विचारा.