कोलकात्याहून कोल्हापूरला विमानाने गेमिंग डेस्कटॉप न्यायचा आहे

करवीर_परत यांचा प्रश्न

नमस्कार. नोकरीनिमित्त मी काही वर्षे कोलकात्यात राहत आहे आणि जूनच्या अखेरीस कायमचा कोल्हापूरला परत येत आहे. घरातील बहुतेक सामान इथेच विकून झाले आहे. अडले आहे ते एका डेस्कटॉपपाशी. तो मी स्वतः जुळवलेला असून त्यावर गेम खेळणे आणि थ्रीडी अ‍ॅनिमेशनचे काम अशी दोन्ही कामे होतात, त्यामुळे तो विकून टाकण्याची तयारी होत नाही.

यंत्राचा तपशील असा: रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा पूर्ण आकाराचा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड (तीन पंख्यांचे), प्रोसेसर थंड ठेवणारा उंच मनोऱ्यासारखा एअर कूलर, ७५० वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा), एक एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान साठवण), एक चार टीबीची जुनी हार्ड डिस्क, आणि एका बाजूला काच असलेले कॅबिनेट. हे सगळे मिळून साडेचौदा किलो भरते. शिवाय २७ इंची मॉनिटर आहे, तो वेगळाच.

माझे तिकीट कोलकाता ते हैदराबाद आणि पुढे हैदराबाद ते कोल्हापूर असे आहे. दुसरा टप्पा एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानाचा आहे. चेक-इनमध्ये १५ किलो आणि हातात ७ किलो एवढीच परवानगी आहे. पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांनी एवढ्याशा सामानासाठी सांगितलेला भाव ऐकून तो पर्याय मी सोडून दिला. अख्खे यंत्र खोक्यात घालून चेक-इन करावे, की सुटे करावे? सुटे केल्यास कोणते भाग हातात ठेवावेत? सुरक्षा तपासणीत हरकत घेतात का? आणि मॉनिटरचे काय करावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दुकानदार_अप्पा यांचे उत्तर

माझे पुण्यात संगणक जुळणी आणि दुरुस्तीचे दुकान आहे. दिल्ली, बंगळूर किंवा परदेशातून विमानाने आणलेली आणि इथे आल्यावर सुरू न झालेली यंत्रे आमच्याकडे नेहमी येतात, त्यामुळे नेमके काय मोडते हे मला चांगले ठाऊक आहे.

पुष्कळ लोकांना भलत्याच गोष्टींची धास्ती असते. एक्स-रे यंत्रामुळे एसएसडी किंवा हार्ड डिस्कवरील माहिती पुसली जात नाही. सामानाच्या कप्प्यातील हवेचा दाबही प्रवासी बसतात त्या भागाइतकाच राखलेला असतो, त्यामुळे उंचीमुळे काही फुटत नाही. मोडतोड होते ती जमिनीवर, म्हणजे खोका पट्ट्यावरून ट्रॉलीवर आणि ट्रॉलीवरून विमानात टाकला जातो तेव्हा. कॅबिनेट उभे असो वा आडवे, आपटल्यावर पत्र्याचा सांगाडा जागच्या जागी थांबतो, पण आत लोंबकळणाऱ्या जड वस्तू पुढे जाऊ पाहतात आणि त्यांचा सगळा ताण मदरबोर्डवर येतो.

आपल्या यंत्रात अशा दोन वस्तू आहेत. पहिली ग्राफिक्स कार्ड. तीन पंख्यांचे कार्ड सव्वा-दीड किलोच्या आसपास भरते आणि ते एका टोकाला दोन स्क्रूंवर व मध्ये प्लास्टिकच्या खाचेवर तोललेले असते. आपटल्यावर ती खाच बोर्डापासून उखडते किंवा कार्डाच्या सोन्याच्या पट्ट्यांजवळ तडा जातो. दुसरी वस्तू कूलर. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ हा कूलर दोन पंख्यांसह १३२० ग्रॅमचा आहे. आपला थोडा हलका असेल, पण एवढे वजन बोर्डावर काटकोनात उभे असते हे लक्षात घ्या. म्हणून बाकी काही करा वा न करा, या दोन वस्तू बाहेर काढल्याशिवाय यंत्र विमानात चढवू नका.

कूलर काढताना एक खबरदारी अवश्य घ्या. आपला प्रोसेसर एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), म्हणजे पिना प्रोसेसरच्याच पोटाला असलेला आहे. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला जातो आणि पिना वाकतात. त्यासाठी काढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे एखादा जड गेम चालवून यंत्र तापवावे, मग ते पूर्ण बंद करून वायर काढावी, स्क्रू सैल करावेत आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवावा. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहू द्यावा. तिथे तो सर्वात सुरक्षित असतो. ग्राफिक्स कार्डाच्या खाचेला मागच्या बाजूला एक छोटा खटका असतो आणि कार्डामुळे तो दिसत नाही. बोट पोहोचत नसल्यास प्लास्टिकच्या पट्टीने तो दाबावा. स्क्रू ड्रायव्हरने दाबायला जाल, तर टोक घसरून बोर्डावर ओरखडा उठतो.

आता माझे खरे मत सांगतो. सामान बांधायला बसण्यापूर्वी प्रत्येक भागाचे वजन आणि त्याची किंमत शेजारी-शेजारी लिहून काढा. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांत यंत्राची बहुतेक सगळी किंमत आहे, आणि मदरबोर्डासकट त्यांचे वजन तीन-साडेतीन किलोंच्या पुढे जात नाही. उलट कॅबिनेट म्हणजे सात-आठ किलो पत्रा आणि काच. तेच कॅबिनेट सुखरूप पोहोचावे म्हणून आपण खोका, थर्माकोल आणि जादा वजनाचे पैसे खर्च करणार, आणि तरीही काच फुटण्याची भीती राहणारच. त्यापेक्षा ते कोलकात्यातच, चांदनी चौकातल्या एखाद्या दुकानात द्या आणि कोल्हापुरात नवे घ्या. मॉनिटरलाही हाच न्याय लावा. मूळ खोका आणि त्यातले थर्माकोल जपून ठेवले असेल तरच तो नेण्याचा विचार करावा. नुसत्या बबल रॅपमध्ये गुंडाळलेला पडदा कोपऱ्यावर आपटला की आतून तडकतो आणि पडदा बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या मॉनिटरएवढा येतो.

एटीआरचा_प्रवासी यांचे उत्तर

अप्पांनी यंत्राची बाजू नीट सांगितली आहे. मी प्रवासाची सांगतो, कारण हैदराबाद-कोल्हापूर विमानाने माझे नेहमी येणे-जाणे असते.

आपण एटीआरचा उल्लेख केला, पण सगळी मेख तिथेच आहे. त्या विमानात डोक्यावरचे कप्पे फार लहान असतात. कोलकात्याहून निघताना ज्या चाकांच्या बॅगेबद्दल कोणी काही बोलणार नाही, तीच बॅग हैदराबादला विमानाच्या शिडीपाशी चिठ्ठी लावून आपल्या हातातून घेतली जाते आणि सामानाच्या कप्प्यात जाते. म्हणजे ज्या भागांसाठी आपण हातसामानाचा मार्ग पत्करला, तेच ऐनवेळी तिकडे जाऊन पडणार. त्यामुळे महत्त्वाचे भाग चाकांच्या बॅगेत ठेवूच नयेत. पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटर असतो, म्हणजे लॅपटॉपच्या चांगल्या मोठ्या पाठपिशवीत तो मावतो. शेजारी ग्राफिक्स कार्ड उभे राहते. पिशवी पुढच्या आसनाखाली सरकवता आली पाहिजे, एवढेच पाहावे. जूनच्या अखेरीस पाऊस असणार आणि कोल्हापूरला विमानापासून इमारतीपर्यंत चालत जावे लागते, म्हणून आतील प्रत्येक वस्तू आधी अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या) पिशवीत आणि मग साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी. चेक-इनचा खोकाही आतून प्लास्टिकने मढवावा, कारण सामानाच्या ट्रॉल्या पावसात उभ्या राहतात आणि पुठ्ठा भिजला की त्याचा तळ सुटतो.

सुरक्षा तपासणीत संगणकाचे भाग नेण्यास मनाई नाही, मात्र ते एक्स-रेमध्ये चमत्कारिक दिसतात हे खरे. कोलकात्याला सीआयएसएफचे जवान पिशवी उघडायला सांगतील असे गृहीत धरून पंधरा-वीस मिनिटे जास्त हाताशी ठेवा. लॅपटॉप काढतो तसे बोर्ड आणि कार्ड आपणहून ट्रेमध्ये वेगळे ठेवले, तर प्रश्न कमी येतात. खरेदीची बिले मोबाइलमध्ये असू द्या. स्क्रू ड्रायव्हर हातसामानात चालत नाही. तो आणि स्क्रूंची डबी चेक-इनमध्ये घालावी. पॉवर बँक याच्या नेमकी उलट, ती चेक-इनमध्ये कधीही घालू नये. मदरबोर्डावर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, त्याची काळजी नको. धूळ उडवायचा दाबाच्या हवेचा डबा आणि पेस्ट पुसायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल कोलकात्यातच सोडून यावे, दोन्ही ज्वलनशील मानले जातात. यूपीएस असल्यास तोही नेऊ नका. बॅटरीवरून काउंटरवर वाद होतो आणि तो आपण जिंकत नाही.

एक गोष्ट लोकांना काउंटरवर गेल्यावर कळते. खोक्यात संगणक किंवा मॉनिटर आहे असे सांगितले की नाजूक सामान म्हणून ‘लिमिटेड रिलीज टॅग’वर सही घेतात. त्याचा अर्थ, मोडतोड झाली तर कंपनीवर जबाबदारी नाही. सही केली नसली, तरी देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानभरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे, आणि ती तरी सहजासहजी मिळते असे समजू नये. एका कंपनीने माझ्या फुटलेल्या मिक्सरसाठी देऊ केलेली रक्कम ऐकून मी अर्जच मागे घेतला होता. ‘फ्रॅजाइल’ची लाल चिठ्ठी जरूर लावून घ्या, फक्त तिच्यावर विसंबू नका. वजन वाढणार असेल, तर जादा किलो घरूनच संकेतस्थळावर विकत घ्यावेत. विमानतळावर तेच महाग पडतात.

रूळावरचा_माणूस यांचे उत्तर

विमानाचाच हट्ट कशासाठी, हे मला कळले नाही. हावड्याहून पुण्याला थेट आझाद हिंद एक्स्प्रेस आहे. वेळ दीड दिवसाच्या आसपास जातो, पण कॅबिनेट आसनाखाली आडवे ठेवता येते, मॉनिटर भिंतीला टेकवून उशीमागे राहतो आणि कोणीही ते आपल्या हातातून घेऊन फेकत नाही. पुण्याहून कोल्हापूरला गाड्या आणि एसटी भरपूर आहेत. वातानुकूलित तीन टायरमध्ये ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते, म्हणजे आपले यंत्र, मॉनिटर आणि कपडे सगळेच त्यात बसेल. ग्राफिक्स कार्ड आणि कूलर मात्र रेल्वेतही काढूनच न्यावेत. हावडा ते पुणे एवढे हादरे त्यांना कशाला द्यायचे?

करवीर_परत

सर्वांचे मनापासून आभार. रेल्वेचा पर्याय मोहात पाडणारा आहे, पण सोबत आई असल्याने आणि तिला एवढा लांबचा प्रवास झेपत नसल्याने विमानाला पर्याय नाही. कॅबिनेट आणि मॉनिटर इथेच विकायचे ठरवले आहे. बोर्ड, कार्ड, रॅम आणि एसएसडी पाठपिशवीत घेईन. एसएमपीएस आणि कूलर चेक-इनमध्ये घातले तर चालतील ना? हार्ड डिस्क कुठे ठेवावी? आणि कोल्हापुरात पुन्हा जुळवणी करताना विंडोज नव्याने घालावे लागेल का?

दुकानदार_अप्पा

एसएमपीएस आणि कूलर चेक-इनमध्ये खुशाल घाला. एसएमपीएस कपड्यांच्या मधोमध ठेवा. कूलरचे पंखे काढून वेगळे करा आणि त्याचा तळ ओरखडू नये म्हणून पुठ्ठा बांधा. एसएमपीएसच्या सुट्या वायरी मात्र सगळ्या त्याच्याच सोबत न्या. दुसऱ्या कंपनीच्या वायरी टोकाला सारख्या दिसल्या तरी आतील जोडणी वेगळी असू शकते, आणि चुकीची वायर लावल्याने हार्ड डिस्क जळाल्याची प्रकरणे आमच्याकडे येतात.

हार्ड डिस्क हातात ठेवा. बंद असताना तिचे हेड बाजूला उभे केलेले असते, त्यामुळे ती चालू असतानाच्या मानाने पुष्कळ धक्के सोसते. तरीही जुनी डिस्क आहे, तेव्हा त्यातील कामाची प्रत निघण्यापूर्वी दुसरीकडे काढून ठेवलीच पाहिजे.

बोर्ड, प्रोसेसर आणि एसएसडी तेच राहणार असल्याने विंडोज नव्याने घालण्याची गरज नाही. मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का, ते आजच पाहा. हार्डवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रणालीमध्ये) बदल झाल्याचे वाटले, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती जवळ नसेल तर सगळी माहिती कुलूपबंद होते. ती कागदावर लिहून पाकिटात ठेवा. यंत्र सोडवण्याआधी प्रत्येक वायर कुठे जाते याचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः पुढच्या बटणाच्या त्या बारीक पिनांचे.

नवे कॅबिनेट घेताना कूलरची उंची आणि कार्डाची लांबी मोजून न्या, नाहीतर काच बंद होत नाही. घरी पोहोचल्यावर लगेच जुळवणीला बसू नका. थंड कप्प्यातून आलेल्या धातूवर पावसाळी हवेतले दव धरते, म्हणून पिशव्या न उघडता चार-पाच तास तसेच राहू द्या. जुनी पेस्ट पुसून नवी लावा. तिची छोटी नळी कोल्हापुरातही मिळते. पहिल्यांदा सुरू केल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला, तर घाबरून दुकान गाठू नका. आधी दोन्ही रॅम काढून खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवा, आणि मॉनिटरची वायर बोर्डाला नव्हे तर ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, ते पाहा. ५८००एक्समध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयवर काहीही दिसणार नाही.