मदत हवी आहे : युनिट धुळ्याहून जळगावला चाललंय, राजीनामा द्यावा का?

राम राम मंडळी. धुळ्यात अवधान एमआयडीसीत ११ वर्षं कामाला आहे. आम्ही रायफलचे पट्टे आणि मॅगझिनचे पाऊच शिवतो. नायलॉनची निवार गरम पात्याने कापायची, म्हणजे टोकं उसवत नाहीत, आणि ताण येतो तिथे बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची घट्ट शिलाई, मारायची. बकल, हुक जळगावच्या युनिटमधून येतात. आता मालकांनी ठरवलंय, सगळं जळगावला एकाच छताखाली. त्यांचंही खोटं नाही. बकल संपले की आमच्या मशीन दोन-दोन दिवस गप्प, टेम्पो पारोळा-एरंडोल करत येईपर्यंत.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एचआर म्हणतो, इथे राजीनामा द्या, तिकडे नवीन नियुक्तीपत्र मिळेल. साधी बदलीची ऑर्डर का नाही, याला उत्तर नाही. बेसिक आणि डीए मिळून १५,६०० आहे. भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११, म्हणजे ग्रॅच्युइटी ९९,००० होते. ती आत्ता देणार की नोकरी सलग धरणार, हे कागदावर कोणी लिहून देईना. नवीन पत्र घेतलं आणि ग्रॅच्युइटीसाठी लागणारी ५ वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली तर?

कोणी अशा बदलीतून गेलंय का? पत्रात नेमकी कोणती ओळ मागून घ्यायची? पीएफ त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) चालू राहील ना? धुळ्यात कामगारांच्या केसेस बघणारे चांगले वकील माहीत असतील तर इनबॉक्समध्ये सांगा भो. सोमवारपर्यंत सही मागितलीय. घरी आई आजारी, रोज जाऊन-येऊन करणं जमणार नाही, पण तो प्रश्न नंतरचा.