मदत हवी आहे: कोरियन शब्दांची लांबी रोमन अक्षरांवरून मोजावी का?

रानजाई: मराठी व कोरियन शब्दांच्या लांबीची तुलना करत असून परवा मार्गदर्शकांना तक्ता दाखवायचा आहे. दोन्हीकडचे शब्द रोमन लिपीत घेऊन अक्षरे मोजली. परंतु सोलमधल्या ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्याचे नाव एका यादीत १३ अक्षरांचे भरते, तर दुसरीत १२. बरोबर कोणते? कृपया लवकर सांगावे.

हेमाडपंती: याद्या कोणत्या रोमन लेखनपद्धतीच्या आहेत, ते तुम्ही लिहिलेले नाही. दक्षिण कोरियाने २००० साली स्वीकारलेल्या पद्धतीत 'ऑ' हा एकच स्वर ई आणि ओ अशा दोन अक्षरांनी लिहितात. जुन्या मॅक्यून-रायशावर पद्धतीत एकट्या ओवर चंद्रकोर देतात. म्हणूनच 'सोल' नवीन पद्धतीत ५ अक्षरांचे आणि जुन्या पद्धतीत ४ अक्षरांचे होते.

बोरकूट: रोमन सोडा आणि हंगुल ही कोरियन लिपी शिका. मी आठवड्याभरात वाचू लागलो.

रानजाई: हंगुल मला वाचता येते. अडले आहे ते मोजणीपाशी.

शुद्धमती: हंगुलमध्येही मोजमाप ठरवावेच लागेल. तिथे एकेका अक्षराचे वर्ण एका चौकोनात जोडून लिहितात. राजवाड्याच्या नावात असे चौकोन ३, पण त्यांतले वर्ण ९. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपिचिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, जोडलेले ११,१७२ चौकोन तयार आहेत, त्यामुळे संगणक ३ सांगेल आणि धारिकेत ते सुटे केलेले असतील तर ९. आपल्याकडे 'महाराष्ट्र' डोळ्यांना ४ अक्षरे, युनिकोडला १० आणि रोमनमध्ये ११.

हेमाडपंती: मग ध्वनीच मोजावेत, कारण लेखन फसवते. सोलच्या स्वातंत्र्यद्वाराचे नाव लिहितात दोग-लिब-मुन आणि उच्चारतात दोंगनिम्मुन.

शुद्धमती: सहमत नाही. अभ्यास लिखित मजकुराचा असेल, तर उच्चार मध्ये आणणे चूक ठरेल. शिवाय शब्द कोशातले आहेत की वाक्यातले? 'शाळेत'प्रमाणे कोरियनमध्येही 'हाकग्योएसॉ' हा प्रत्ययासह एकच शब्द आहे. कोशरूप घेतले तर दोन्हीकडचे प्रत्यय गळतील.

रानजाई: शब्द बातम्यांतले आहेत, प्रत्ययांसह. एक यादी जुन्या पुस्तकातली निघाली. ती बाजूला ठेवते. ध्वनी मोजायचे ठरवले, तर राजवाड्याच्या नावात ९ धरू की १०? 'यॉ' हा हंगुलमध्ये एकच वर्ण आहे.

हेमाडपंती: मराठी 'क्या'मधला य तुम्ही वेगळा मोजत असाल, तर इथेही तो वेगळा मोजून १० धरावेत. शेवटचा 'ङ्' रोमनमध्ये दोन अक्षरांचा असला तरी ध्वनी एकच आहे.