मदत हवी आहे: बजेट फोनवर पैठणीचा रंग खरा येत नाही, वांगी निळा दिसतो

घणसोली_साड्या
नमस्कार मंडळी. घरूनच पैठणी आणि सेमी पैठणी विकते. ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॲपवरून येतात, म्हणजे सगळी मदार फोटोवर. फोन चौदा हजारांचा आहे. मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल, एफ/१.८, ओआयएस (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही. सोबत २ मेगापिक्सेलचा मॅक्रो आणि २ मेगापिक्सेलचाच डेप्थ.

वांगी रंगाची साडी निळी येते. राणी रंग भडक होऊन त्यातली घडी-चुणी दिसेनाशी होते. पदरावरची जर पांढरीफटक पडते आणि मोर पुसले जातात. संध्याकाळी ट्यूबखाली व्हिडिओ काढला तर आडव्या काळपट पट्ट्या सरकत राहतात. विणीचा जवळून फोटो मॅक्रोने काढला तर नुसता चिखल.

खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. सरकत्या काचा निळसर आहेत, भिंती पिस्ता रंगाच्या. कॅमेऱ्यावर संरक्षक काच चिकटवलेली आहे.

पंधरा-सोळा हजारांत दुसरा फोन घ्यावा का? जीकॅम (गूगलचं कॅमेरा ॲप) टाकून फरक पडेल का? "रंग वेगळा आला" म्हणून परत येणाऱ्या साड्या थांबवायच्या आहेत.

कोपरीकर
ताई, फोन आत्ता घेऊ नका. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी नव्या फोनलाही तसंच फसवतील: निळसर काच आणि पिस्ता भिंत. काचेतून आलेला उजेड निळा होऊन येतो, भिंतीवर आपटून परतणारा हिरवा होऊन. साडीच्या एका बाजूला एक रंग, दुसऱ्या बाजूला दुसरा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगदुरुस्ती) एका वेळी एकाच उजेडाचा हिशोब करू शकतो. त्यात वरची ट्यूब लावली की तिसरा उजेड आला.

म्हणून आधी हे करा. काच पूर्ण सरकवून खिडकी उघडा. खोलीतले सगळे दिवे बंद, पंखाही बंद, नाहीतर पदर हलतो. साडीमागच्या आणि बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर लावा, पण नीळ घातलेली नको, ती परत निळी झाक देते. खिडकी पश्चिमेची म्हणजे सकाळी दहा ते एक या वेळेत थेट ऊन नसतं, उजेड मऊ असतो. तीच वेळ ठरवून टाका. दुपारनंतर ऊन आत येतं आणि पुढे पिवळं होत जातं, मग सकाळचा फोटो आणि संध्याकाळचा फोटो दोन वेगळ्या साड्यांचे वाटतात.

साडी खिडकीपासून तीनेक फुटांवर टांगा, खिडकी तुमच्या डाव्या हाताला येईल अशी. उजवीकडे, साडीपासून दोन फुटांवर, थर्माकोलची २ बाय ३ फुटांची शीट उभी करा. स्टेशनरीच्या दुकानात मिळते. सावलीची बाजू तिने उजळते.

पदराची जर पांढरी पडण्याचं कारणही उजेडातच आहे. जर आरशासारखी असते, समोर जे असेल ते दाखवते. समोर एखादा छोटा प्रखर दिवा असला तर तिथे पांढरा ठिपका आणि बाकी काळं. समोर मोठा पांढरा पृष्ठभाग असला तर सगळी जर सोनेरी उजळते. खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढला की खिडकीच तो पृष्ठभाग होते. फ्लॅश कधीच नको.

प्रकाश_पाचपाखाडी
वरच्याशी सहमत. आता फोनमधल्या सेटिंगचं.

कॅमेऱ्यावरची ती चिकटवलेली काच आधी काढा. तिच्या आणि लेन्सच्या मध्ये धूळ आणि बाष्प अडकतं, उजेड समोरून आला की फोटोवर दुधाळ पडदा येतो. लेन्स चष्म्याच्या मायक्रोफायबरने पुसा. आधी धूळ फुंकून घ्या.

मग एआय सीन, ब्युटी, फिल्टर आणि "व्हायब्रंट" रंग असं जे जे असेल ते बंद. राणी रंग भडकतो तो मुख्यतः यांच्यामुळे. लाल चॅनेल भरून वाहतो आणि चुण्यांमधला उजेड-सावलीचा फरक संपतो.

प्रो मोडमध्ये (जिथे आकडे हाताने ठेवता येतात) अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, तुमचं ते एफ/१.८, बदलता येत नाही, या फोनमध्ये ते पक्कं असतं. तीन गोष्टी हातात आहेत. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवा. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) १/६० सेकंदापासून सुरू करा आणि फोटो उजळ वाटला तर १/१०० करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) ठेवा, पावसाळी आभाळ असेल तर ६००० ते ६५००. ऑटोवर हिरवी साडी समोर आली की फोन सगळंच गुलाबी करतो, कारण फ्रेममध्ये भरून राहिलेला रंग त्याला उजेडाचा दोष वाटतो. आकडा पक्का ठेवला की वीस साड्या एकसारख्या येतात. फोन ट्रायपॉडवर आणि २ सेकंदांचा टायमर, मग ओआयएस नसण्याची उणीव जाणवणारच नाही.

प्रो मोड नसेल तर प्ले स्टोअरवरचं ओपन कॅमेरा ॲप घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. सेटिंग्जमध्ये कॅमेरा२ एपीआय निवडलं की, फोन परवानगी देत असेल तर, हे सगळे पर्याय उघडतात.

तेही नको असेल तर साध्या मोडमध्ये साडीच्या अंगावर, जरीवर नव्हे, बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर (उजळपणा) लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा, साधारण उणे ०.७. पदराचे मोर परत दिसतील.

ऐरोली_इलेक्ट्रिकल
पट्ट्यांबद्दल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/४०० असेल तर काही ओळी उजळ क्षणी वाचल्या जातात, काही मंद क्षणी, आणि पट्ट्या दिसतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो, पट्ट्या जातात. सेटिंग्जमध्ये "अँटी-बँडिंग" किंवा "फ्लिकर" असेल तिथे ५० हर्ट्झ निवडा. ऑटो नको, ६० तर नकोच.

एक अपवाद. डिमर असलेली एलईडी पट्टी स्वतःच्या वेगाने चालू-बंद होत असते, तिथे १/१०० पुरतंच असं नाही. ती पूर्ण प्रखर ठेवा. पूर्ण प्रखरतेला हे चालू-बंद थांबतं.

संध्याकाळीच काम करावं लागत असेल तर दिवे बदला. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) बघा. घरगुती दिवे साधारण ८० चे असतात, ९० च्या वरचे शोधा. ८० वाल्यात गडद लाल कमी असतो आणि वांगी रंगाला तोच लागतो. दोन सारखेच दिवे घ्या, ४००० किंवा ५००० केल्विन, पण दोन्ही एकाच आकड्याचे. पडद्याच्या कापडातून गाळून दोन्ही बाजूंनी पाडा.

सीवूड्स_लेन्स
जरीची चमक घालवायला क्लिपवर लावायचा पोलरायझर (चमक गाळणारी काच) मिळतो, तो घेऊन बघा.

प्रकाश_पाचपाखाडी
@सीवूड्स_लेन्स, इथे फारसा उपयोग नाही. पाणी, काच, रंगवलेलं लाकूड यांच्यावरची तिरपी चमक पोलरायझरने कमी होते. धातूवरची जात नाही, आणि जरीची चकाकी धातूच्या थराची असते. उलट निम्म्याहून जास्त उजेड खाऊन आयएसओ वाढवायला लावतो.

कोपरीकर
जवळच्या फोटोचं राहिलं. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो विसरून जा. त्याचा फोकस बहुधा ४ सेंमीच्या आसपास पक्का असतो, आणि इतक्या जवळ गेल्यावर फोनचीच सावली पडते. मुख्य कॅमेरा २एक्सवर ठेवून १५ सेंमीवरून काढा. या फोनवर २एक्स म्हणजे वेगळी लेन्स नव्हे, ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला भाग. चांगल्या उजेडात तो व्हॉट्सॲपला भरपूर पुरतो. विणीवर इंद्रधनुषी लाटा दिसल्या तर त्या साडीत नसतात, धाग्यांची ओळ आणि पिक्सेलची ओळ एकमेकींवर आल्याने उमटतात. फोन दोन-तीन सेंमी मागे घ्या किंवा किंचित तिरका करा, जातात.

पूर्ण साडीलाही १एक्सने तीन फुटांवरून नको, कडा ताणल्या जातात. सहा फूट मागे या आणि २एक्स.

धूपछाव असेल तर एक फोटो अपुराच. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, कोन बदलला की रंग बदलतो. समोरून एक आणि तिरपा एक असे दोन पाठवा, आणि दोन्ही रंगांची नावं लिहा. परत येणाऱ्या साड्यांतल्या बऱ्याच अशाच असतील असा माझा अंदाज आहे.

वाशी१७_मोबाईल
जीकॅम: बाहेरून फाइल उतरवून टाकावं लागतं आणि फोनप्रमाणे वेगवेगळ्या लोकांनी बदललेलं असतं. रात्रीच्या फोटोंना उपयोग होतो, तुमच्या अडचणीला नाही. त्याच फोनवर यूपीआयचे पैसे येत असतील तर अनोळखी फाइल टाकूच नका.

नवीन फोन पुढेमागे घ्याल तेव्हा मेगापिक्सेलवर जाऊ नका. ५० वाला चार पिक्सेल जोडून १२.५ चा फोटो देतो, १०८ वाला नऊ जोडून १२ चा. सेन्सरचा आकार विचारा. ५० मेगापिक्सेलमध्येच १/२.७६ इंची, ०.६४ मायक्रॉनच्या पिक्सेलवालेही असतात आणि १/१.९५ इंची, ०.८ मायक्रॉनवालेही. दुसऱ्याचं क्षेत्रफळ साधारण दीडपट. पण त्याने अंधारातला रवा (फोटोतले बारीक ठिपके) कमी होतो, वांगी रंग आपोआप सुधारत नाही.

ठाण्याला राम मारुती रोड असो की वाशी सेक्टर १७, दुकानात जाताना वांगी आणि राणी रंगाचे ब्लाउजपीस घेऊन जा. डेमो फोन घेऊन दुकानाच्या दारात, सावलीत, दिवसा फोटो काढा आणि कापड स्क्रीनशेजारी धरा. आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली सगळे फोन छान वाटतात.

घणसोली_साड्या
सगळ्यांचे मनापासून आभार. काच उघडून, चादर लावून, ५५०० केल्विन आणि १/८० वर फोटो काढले. राणी रंग आणि जर अगदी हातातल्यासारखी. वांगी पुष्कळ जवळ आला, पण अजून थोडा निळाच. माझ्या आणि बहिणीच्या फोनवर तोच फोटो वेगळा दिसतो. कुठला खरा मानू?

प्रकाश_पाचपाखाडी
दोन्ही फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये "नॅचरल" निवडा आणि डोळ्यांसाठीचा पिवळा मोड बंद करा. मग साडी स्क्रीनशेजारी धरून, खिडकीच्याच उजेडात ताडून बघा. "व्हिव्हिड"वर बघून दुरुस्त केलेला फोटो ग्राहकाकडे फिका पडतो.

उरलेला निळेपणा सेन्सरचा आहे. त्याच्यापुढच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) गाळणीत गडद लालचाही थोडा भाग अडतो आणि वांगी रंग त्या टोकावर बराच अवलंबून असतो. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्स उघडा, टिंट (हिरवा-गुलाबी तोल) गुलाबीकडे ८ ते १५ न्या. त्याहून पुढे नको, जर तांबडी व्हायला लागते. कोपऱ्यात थर्माकोलचा एक तुकडा राहू द्या. तो गुलाबी दिसायला लागला की थांबायचं. पुढच्या वांगी साड्यांना तोच आकडा "लास्ट एडिट्स"मधून लावता येतो, मात्र उजेड आणि केल्विन तेच हवेत.

पाठवताना व्हॉट्सॲपवर एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पाठवणीत फोटो लहान होतो आणि बारीक जर एकमेकींत मिसळते. स्टेटसवरचा फोटो बघून कोणी ऑर्डर दिली तर पक्की करण्याआधी डॉक्युमेंटवाला फोटो पाठवून हो म्हणवून घ्या.